गोठण सुरू होण्याआधी तळ्याचे अस्तर झाका

रात्रीचा पारा शून्याखाली जायला लागला असेल आणि तुमचे चिकणमातीच्या अस्तराचे शेततळे रिकामे, उघडे पडले असेल, तर बाकीची कामे बाजूला ठेवा. आधी ते अस्तर झाका.

एकच चूक मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. गाळ काढायचा म्हणून हंगाम संपल्यावर तळे उपसतात. गाळ निघतो, खालची घट्ट माती स्वच्छ दिसते, मनाला बरे वाटते. मग काढणी, मळणी, घरची कामे यांत तळे तसेच राहते आणि थंडी येऊन जाते. हवामान उबदार झाल्यावर तळे भरतात आणि पाणी डोळ्यांदेखत खाली जाते. भोक कुठेच दिसत नाही, म्हणून शेतकरी घुशीची बिळे शोधत बसतो. तोवर उन्हाळी पिकाच्या पाळ्या चुकलेल्या असतात. ऐन दाणे भरण्याच्या वेळी तळे कोरडे पडलेली शेते मी पाहिली आहेत आणि त्या प्रत्येक ठिकाणी अस्तर हिवाळाभर उघडे होते.

आत काय घडते ते समजून घ्या. पाण्याचा बर्फ होताना आकारमान सुमारे 9 टक्के वाढते, पण खरे नुकसान त्याने होत नाही. गोठणारा थर खालच्या ओल्या मातीतले पाणी वर ओढून घेतो. त्या पाण्याच्या पातळ, आडव्या बर्फाच्या चकत्या मातीत तयार होतात. पाणी गेलेली खालची माती सुकते, आकसते आणि उभी तडकते. बर्फ वितळला की आडव्या फटी आणि उभ्या भेगा एकमेकींना मिळालेल्या असतात. अशा अस्तरात फावड्याने वीतभर खोल उभा काप घेऊन पाहा. एकसंध, लोण्यासारखी कापली जाणारी माती आता पापुद्र्यांसारखी सुटते आणि बोटांत दाबली की फाशांएवढ्या तुकड्यांत मोकळी होते. वरून मात्र पृष्ठभाग लिंपल्यासारखा गुळगुळीत दिसतो. तिथेच माणूस फसतो.

आता आकडे. चांगल्या दाबलेल्या अस्तरातून पाणी झिरपण्याचा वेग सेकंदाला 1 मीटरचा अब्जावा भाग धरतात. वर उभ्या पाण्याच्या दाबाने प्रत्यक्ष मुरणे याहून वाढते: 30 सेंमी जाडीचे अस्तर आणि वर 3 मीटर पाणी असेल, तर दिवसाला साधारण 1 मिमी पाणी मुरते. गोठण-वितळणीने हा वेग दहा ते शंभर पट, कधी त्याहूनही जास्त वाढतो. अस्तर पूर्ण जाडीत फुटले आणि वेग शंभर पट झाला, तर तेच तळे दिवसाला 9 ते 10 सेंमी पाणी गमावते. शिवाय बहुतेक नुकसान पहिल्या तीन ते पाच गोठण-वितळणींतच होऊन जाते. म्हणून ‘पुढच्या आठवड्यात बघू’ चालणार नाही.

झाकायचे कशाने? सगळ्यात स्वस्त पांघरूण पाण्याचेच. पाणी 4 अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते, त्यामुळे वर बर्फ धरला तरी खोल तळाशी पाणी गोठत नाही आणि मातीही वाचते. पण घोटाभर पाणी ठेवून उपयोग नाही, ते तळापर्यंत गोठते. तुमच्याकडे बर्फ जितका जाड धरतो, त्याच्या निदान दुप्पट पाणी ठेवा, हा माझा शेतावरचा ठोकताळा.

पाण्याच्या पातळीवर राहणारा काठाचा पट्टा मात्र उघडाच असतो आणि गळती बहुधा तिथूनच सुरू होते. अमेरिकी कृषी खात्याच्या तलाव-मार्गदर्शनात पूर्ण पाणीपातळीखालच्या सगळ्या अस्तरावर 30 ते 45 सेंमी भरड खडीचा थर सांगितला आहे. खडी जमत नसेल तर निदान साधी माती तेवढी टाका. यंदा तेही शक्य नसेल तर काठावर पेंढ्याचा हातभर जाड थर द्या आणि तळे भरण्याआधी काढून घ्या. काहीच न करण्यापेक्षा ते बरे.

पहाटे अस्तरावर टाच दाबून बघा. कर्रकन आवाज आला तर आत बर्फ धरायला लागला आहे.

थंडीआधीची नेहमीची कामे:
– काठावरची झुडपे मुळासकट काढणे
– सांडवा मोकळा करणे
– बिळे ओल्या चिकणमातीने ठोकून बुजवणे
– पाणीपातळीची खूण करणे
– बर्फ धरल्यावर तळे न उपसणे

तळे आधीच गळत असेल तर विक्रेता महागडी ‘सीलिंग पावडर’ पाण्यावर टाकायला सांगेल. तिला पैसे घालू नका. पाण्यावर भुरभुरलेली भुकटी भेगांत सगळीकडे सारखी बसत नाही. आधी गळती मोजा. बादली पाण्याने भरून तळ्यात अर्धी बुडेल अशी पक्की ठेवा. चार दिवसांत बादलीतले पाणी जितके उतरले ते बाष्पीभवन. तळे त्याहून जितके जास्त उतरले ती गळती.

दुरुस्ती वितळण पूर्ण झाल्यावरच करा. गोठलेली ढेकळे रोलरखाली दाबली तर पोकळ्या आतच राहतात. माती जितकी खोल गोठली होती तितकी उकरा, ढेकळे फोडा, पाणी मारा. हातात वात वळली जाईल आणि तुटणार नाही इतकी ओल आली की 15 ते 20 सेंमीच्या थरांत शीपफूट रोलरच्या (खुंट्या बसवलेल्या रोलरच्या) चार ते सहा फेऱ्या द्या. कोपऱ्यांत धुम्मस वापरा.

मातीत चिकणाचा अंश कमी असेल तरच बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी चिकणमातीची भुकटी) घ्या. सर्वसाधारण मात्रा चौरस मीटरला 5 ते 15 किलो, नेमकी मात्रा माती तपासून ठरवावी. घेताना सोडियम प्रकारचेच घ्या. 2 ग्रॅम भुकटी 100 मिलि शुद्ध पाण्यात चिमूट-चिमूट सोडा. दुसऱ्या दिवशी फुगवटा निदान 24 मिलिच्या आसपास नसेल तर पोते परत करा. फुगणारे सोडियम बेंटोनाइट गोठण बरीच सोसते, वितळल्यावर फटी स्वतः भरते. पण कॅल्शियम जास्त असलेल्या कठीण पाण्यात त्याचा हा गुण कमी होत जातो, आणि मधे सुकले तर आणखी लवकर. त्यामुळे बेंटोनाइट घातलेल्या तळ्यावरही थंडीआधी खडीचा थर हवाच.