गाडी उंच वाटते? आधी सीट पुढून तासून घ्या

माझी उंची चार फूट अकरा इंच, वजन 46 किलो. पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे रोजच्या बचतीचे पैसे, गोळा करते. गुहागर तालुक्यातल्या शृंगारतळीहून निघून पालशेत, हेदवी करत तवसाळच्या जेटीपर्यंत दिवसाला चाळीस-पन्नास वेळा गाडी थांबवायची, पाय टेकायचा, पावती फाडायची, पुन्हा निघायचं. गाडी वडिलांची स्प्लेंडर. स्कूटर घे म्हणून सगळ्यांनी सांगितलं, पण वाड्यांमध्ये उतरणाऱ्या जांभ्याच्या खडबडीत वाटांवर मला मोठ्या चाकांचीच गाडी हवी होती. म्हणून गाडी ठेवली आणि सीट बदलून घेतली. पहिल्यांदा चुकली, त्यात एक अख्खा पावसाळा कंबर धरून काढला. तो त्रास दुसऱ्या कुणाला होऊ नये असं मनापासून वाटतं.

सुरुवात मापापासून करा. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहा, जाड पुस्तक मांड्यांमध्ये वर टेकेपर्यंत ओढा, त्याच्या वरच्या कडेला पेन्सिलीची खूण करा. खुणेपासून जमिनीपर्यंतचं अंतर ही तुमची पायाची लांबी. माझी 68 सेंटीमीटर आहे. स्प्लेंडर प्लसच्या सीटची उंची 785 मिलिमीटर, म्हणजे साडेअठ्ठ्याहत्तर सेंटीमीटर. नुसता आकडा बघितला तर ही गाडी माझ्यासाठी नाहीच. पण बसल्यावर फोम आणि शॉकॲब्सॉर्बर थोडे दबतात, बुटाचा तळवा दोन-अडीच सेंटीमीटर देतो, आणि चवडा टेकला तरी काम होतं.

खरी अडचण रुंदीची असते. सीट पुढून रुंद असली की मांड्या फाकतात आणि पाय सरळ खाली न जाता बाजूला जातो. तिथेच पायाची लांबी वाया जाते. म्हणून नवी गाडी घेतानाही फक्त उंचीच्या आकड्यावर जाऊ नका. बजाजच्या ॲव्हेंजर 220 ची सीट 737 मिलिमीटरवर आहे, रॉयल एन्फिल्डच्या मीटिऑर 350 ची 765 वर. पण पहिलीचं वजन 163 किलो आणि दुसरीचं 191. स्प्लेंडरचं 112. वाळूत किंवा उतारावर गाडी कलली तर सावरायचं हे वजन असतं. शिवाय त्या दोन्हींचे फुटरेस्ट पुढे आहेत, आखूड पायांना ताणून बसावं लागतं.

आता फोमचं. मी पहिल्यांदा ज्या सीटवाल्याकडे गेले त्याने बसायच्या जागी सरळ दोन इंच फोम कापला आणि वर रेक्झिन ताणून दिलं. दुकानासमोर पाय मस्त टेकला, मी खूश होऊन घरी आले. दुसऱ्या दिवशी हेदवीला पोचेपर्यंत खालचा पत्रा लागायला लागला. त्यात जागेचा वाडगा झालेला, उतारावर सारखी टाकीवर घसरत होते आणि हातांवर भार येत होता.

दुसऱ्यांदा चिपळूणला गेले. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने फोमला हात लावण्याआधी मला रोजचे बूट घालून गाडीवर बसवलं आणि मांड्या जिथे लागत होत्या तिथे खडूने खुणा केल्या. टाकीला लागून असलेला चार-पाच बोटांचा भागच त्याने दोन्ही कडांनी तासून गोल केला. बसायची जागा जवळपास तशीच ठेवली, वरचा मऊ झालेला थर काढून घट्ट फोम चिकटवला. तुम्हीही हेच सांगा: एका वेळी बोटभरच काढा, रेक्झिन तात्पुरतं लावा, मी अर्धा तास चालवून येते. कमी कापलेलं पुन्हा कापता येतं. जास्त कापलं तर नव्या फोमचा जोड लावावा लागतो, आणि सांधा नीट बसला नाही तर तो रोज टोचतो.

बसायची जागा नेमकी कुठे हे कळायला घरीच एक गोष्ट करा. आंब्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्याचा तुकडा पायरीवर ठेवून पाच मिनिटं ताठ बसा. उठल्यावर दोन खळगे दिसतील, ती बैठकीची हाडं. त्यांच्यामधलं अंतर मोजून सीटवाल्याला द्या. तेवढी जागा सपाट आणि भरीव राहिली पाहिजे. माझ्या सीटवर तिथे दोन इंचांच्या खाली फोम जाऊ देत नाही.

रेक्झिनच्या बाबतीत आपल्याकडे पावसाचा विचार आधी. शिलाईच्या भोकांतून पाणी फोममध्ये मुरतं आणि बसलं की वर येतं. शिलाई बाजूला घ्यायला सांगा, बैठकीवर नको. फोम आणि रेक्झिनच्या मध्ये जाड प्लास्टिक घाला. गुळगुळीत रेक्झिन पावसात घसरतं, दाणेदार घ्या. दुपारी जेटीवर गाडी उन्हात राहणार असेल तर सीटवर गोणपाट टाकून ठेवा.

मागचे शॉकॲब्सॉर्बर बघायला विसरू नका. स्प्लेंडरला ते घट्ट-नरम करायचे पाच टप्पे असतात. माझ्या गाडीचे वडिलांच्या वजनाला धरून घट्ट केलेले होते. सर्वांत नरम टप्प्यावर आणले तसा गाडीचा मागचा भाग थोडा आणखी दबायला लागला. मागे कुणी बसणार असेल किंवा सिलिंडर न्यायचा असेल तर पुन्हा घट्ट करा. आखूड शॉकॲब्सॉर्बर बसवून गाडीच खाली घेणं मात्र मी टाळलं. साइडस्टँड तेवढाच लांब राहतो, मग गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि जरा धक्का लागला की दुसरीकडे पडते. वर जांभ्याचे दगड खालून लागतात ते वेगळंच.

एवढं करूनही माझे दोन्ही पाय पूर्ण टेकत नाहीत, आणि टेकायची गरजही नाही. थांबताना कंबर जराशी डावीकडे सरकवा, डावा पाय पूर्ण टेका, उजवा ब्रेकवर ठेवा. ही सवय आधी सपाट अंगणात करा, मग तवसाळ-जयगड फेरीबोटीवर जा. ओहोटीला जेटीचा उतार जास्त उघडा पडतो आणि खालच्या भागावर शेवाळ असतं. मी वरच सपाटीला थांबते, पुढच्या सगळ्या गाड्या बोटीत चढल्या की पहिल्या गिअरमध्ये, मध्ये कुठेही न थांबता, सरळ आत जाते.