गुडघ्यात ‘अ‍ॅम्निऑटिक’ इंजेक्शन घेताय, देताय? या चुका टाळा

बाळाभोवतीच्या गर्भजलाच्या पिशवीचा आतला पातळ पडदा म्हणजे अ‍ॅम्निऑन. एरवी तो वारेबरोबर टाकून दिला जातो. त्याच्यापासून किंवा गर्भजलापासून बनवलेलं इंजेक्शन म्हणजे ‘अ‍ॅम्निऑटिक’ इंजेक्शन. भाजलेल्या कातडीवर त्याचा वापर जुना आहे आणि मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाची टिश्यू बँक (दान केलेले असे पडदे निर्जंतुक करून पुरवणारी) १९८८ पासून काम करते. पडदा गुणी आहे. राग येतो तो त्याच्या नावावर चाललेल्या धंद्याचा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे त्याला ‘स्टेम सेल’, म्हणजे नव्या पेशी तयार करणाऱ्या जिवंत मूळपेशी, समजणं. वाळवून गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेल्या पडद्यात जिवंत पेशी उरत नाहीत. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या काही गर्भजल उत्पादनांची तपासणी झाली, तेव्हा त्यांतही जिवंत मूळपेशी सापडल्या नाहीत. तिथल्या एफडीएने (औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने) तर हाडासांध्यांच्या कुठल्याच आजारासाठी अशा उत्पादनांना मान्यता नाही, असं स्पष्ट बजावलंय.

आमच्या ओपीडीत एक काका आले होते. गुडघा टम्म सुजलेला, हात लावला तर चटका बसावा इतका गरम, अंगात ताप. आठवड्यापूर्वी कुठेतरी ‘गादी पुन्हा तयार करणारं’ इंजेक्शन घेतलेलं. सुई घातली तर सिरिंजमध्ये पिवळा घट्ट पू आला. त्याच रात्री दुर्बिणीतून गुडघा धुवावा लागला. मुलाने पावती काढली, त्यावर ‘स्टेम सेल’ आणि रक्कम, बस्स. ना लॉट नंबर (माल कुठल्या खेपेतला ते सांगणारा), ना टिश्यू बँकेचं नाव. जंतू बाटलीतून आले की सुईतून, हे शोधायचं कसं? म्हणून वेष्टनावरचं स्टिकर मी स्वतः केसपेपरवर चिकटवतो, सिस्टरवर सोडत नाही. रुग्णांनीही इंजेक्शनआधी त्याचा फोटो मागून घ्यावा. आणि नंतर गुडघा तापला तर मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून गिळू नका. आधी गुडघ्यातलं पाणी काढून कल्चरला (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला) पाठवू द्या, नाहीतर जंतू सापडत नाही.

दुसरी चूक ऑपरेशन टेबलावरची. बोटाची तुटलेली शीर (टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) शिवल्यावर ती आजूबाजूला चिकटू नये म्हणून काही जण हा पडदा गुंडाळतात. नवशिक्यांना घाई असते. शिवण संपायच्या आत पाकीट फोडतात, पडदा सलाईनच्या वाटीत बुडवतात. मग त्याचा गोळा होतो आणि तो चिमट्याला चिकटून बसतो. मी वाळवलेला पडदा कोरड्या कात्रीने कोरडाच कापतो, जागेवर ठेवतो, मगच सलाईनचे थेंब सोडतो. दोन मिनिटं जास्त जातात, जाऊ द्यावीत.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २०० रुग्णांच्या चाचणीत अशा इंजेक्शनने गुडघेदुखी कमी झाली, हे खरं. पण ती चाचणी झिजेची होती. फाटलेल्या लिगामेंटला तो दाखला लावू नका.

फ्रॅक्चरवर पडदा ठेवायचा असेल आणि ते हलत असेल, तर आधी ते नीट बसवा. पडदा हाड धरून ठेवणाऱ्या प्लेटचं काम करत नाही.

गोठवलेला पडदा किंवा इंजेक्शन वितळलं की पुन्हा फ्रीजरमध्ये टाकू नका.