‘मुलीला उपाशी ठेवतात’ ही तक्रार आम्ही कशी निस्तरली
दारात बालसंरक्षण विभागाच्या दोघीजणी. कुणीतरी निनावी कळवलेलं, अकरा महिन्यांच्या मुलीला हे खायला घालत नाहीत. मी आवाज चढवला; तेही टिपून घेतलं गेलं. दुसऱ्या दिवशी वकील गाठले, रोज हीच प्रकरणं हाताळणारे. त्यांनी बजावलं: वाचल्याशिवाय सही नाही, तक्रार कुणी केली ते शोधत बसायचं नाही, प्रत्येक भेटीची तारीख, वेळ, बोलणं वहीत.

खरं काम केलं ते लसीकरणाच्या कार्डातल्या वाढीच्या तक्त्याने. लेक 32व्या आठवड्यात झालेली, म्हणजे 8 आठवडे आधीच. जन्मतारखेवरून वय धरलं की वजनाचा ठिपका सगळ्यात खालच्या रेषेच्याही खाली. बालरोगतज्ज्ञांनी ते 8 आठवडे वजा करून (साधारण 2 वर्षांपर्यंत असंच मोजतात) ठिपके पुन्हा मांडले. रेघ तळाशीच, पण न थांबता वर चढणारी! लेक बारीक होती, खुंटलेली नव्हती.

डॉक्टरांचं पत्र, तक्ता, वहीची प्रत वकिलांमार्फत दिली, पोच घेतली. ‘तथ्य आढळले नाही’ हेही लेखीच मागून घेतलं. शेजारणीवरचा माझा संशय मात्र अजून गेलेला नाही.