108 वर नवीन लागलेल्यांनो, पेशंट आधी डोळ्यानं बघा

गाडी थांबली की बॅग घेऊन लगेच पळत सुटू नका. आधी जागा बघा. विहिरीवरच्या मोटारीचा करंट लागला असल तर फ्यूज काढल्याशिवाय कुणीच हात लावायचा नाही, तुम्ही पण नाही. फवारणीचं औषध पोटात गेलं असल तर ग्लोव्हज घालूनच धरा, भिजलेले कपडे काढा, अंग धुवा, आणि घरचे मिठाचं पाणी पाजून उलटी करवत असतील तर तेवढं थांबवा.

मग क्रम ठरलेला. रक्त भळाभळा वाहत असल तर ते पहिले दाबा, मग श्वासाची वाट, श्वास, नाडी, शुद्ध. अ‍ॅक्सिडेंटमधी सगळी गर्दी मोडलेल्या पायाकडं बघायली असते आणि पेशंट घोरायला लागलेला असतो, म्हणजे जीभ मागं गेलीय, ते कुणाच्याच ध्यानात येत नाही. ते तुम्हीच बघायचं. श्वास अंदाजानं लिहू नका, घड्याळ लावून मोजा. मोठ्या माणसाचा मिनिटाला 12 ते 20 असतो. फारच कमी झाला तर अंबू बॅगनं (तोंडावर मास्क धरून हातानं हवा द्यायची पिशवी) दर 5-6 सेकंदाला एकदा, छाती वर येईल एवढंच दाबा, जोरात दाबलं की हवा पोटात जाते आणि उलटी होते.

आता मण्यार साप चावल्याचं सांगतो कारण आपल्याकडं यात माणसं हातची जातात. पावसाळ्यात पहाटे कॉल येतो, शेतातल्या आखाड्यावर खाली झोपलेला माणूस, पोट दुखायलंय, उलटी झाली, अंग गळालंय, घरचे म्हणतात रात्रीचं जेवण बाधलं. चावल्याची खूण दिसत नाही, सूज नाही, तिथं दुखत पण नाही, तरी मण्यार डोक्यात ठेवाच. वर बघायला लावा, पापण्या पडायल्यात का बघा. एका श्वासात एक, दोन, तीन असं म्हणायला लावा, किती पर्यंत गेला ते वेळेसकट लिहा, थोड्या वेळानं परत. आधी 25 पर्यंत गेलेला 12 वर थांबायला लागला की श्वासाचे स्नायू निकामी व्हायलेत असं समजा, ऑक्सिमीटरचा आकडा तेव्हा चांगलाच दिसत असतो, त्याच्या भरवशावर बसू नका. लाळ गिळता येईना झाली तर डाव्या कुशीवर घ्या, सक्शन (लाळ ओढून घ्यायचं मशीन) हाताशी.

चावलेला हात-पाय हलू देऊ नका, जोडवी-पैंजण काढा, ब्लेड लावू देऊ नका. घट्ट दोरी बांधलेली असल तर ती रस्त्यात मनानं सोडू नका, गाडीवरच्या डॉक्टरला विचारा. कुणी आधी मांत्रिकाकडं नेऊ म्हणलं तर वाद घालू नका, "मामा, तुम्ही गाडीत सोबत बसा, याच्याशी बोलत राहा" म्हणा आणि गाडी काढा.

जवळच्या ग्रामीण रुग्णालयात सापाची लस (विषावरचं औषध) असल तर पहिला डोस तिथंच घ्या. पण मण्यारीत व्हेंटिलेटर लागू शकतो, म्हणून निघतानाच अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकलला किंवा संभाजीनगरच्या घाटी दवाखान्याला, जे जवळ पडल तिथं, फोन करून बेड विचारा. पेशंट सोपवताना किती वाजता झोपला, त्रास कधी सुरू झाला आणि मोजलेले आकडे, हे तोंडी सांगा आणि कागदावर पण द्या.