जुव्यावर होमस्टे सुरू करायचाय? आधी मे महिन्यातली विहीर बघा

जुवा म्हणजे खाडीतलं बेट. मालवण तालुक्यात पाणखोल जुवा, खोत जुवा अशी वस्ती असलेली छोटी छोटी बेटं आहेत, आणि आता अशा ठिकाणी होमस्टे काढूया का म्हणून बरेच जण विचारतात. काढा, नक्की काढा, पण रंगकाम आणि इन्स्टाग्राम पेज नंतर, आधी पाणी.

लहान बेटावरचं गोडं पाणी म्हणजे जमिनीत मुरलेला पाऊस, त्याच्या खाली खारंच असतं, त्यामुळे पंप लावून जास्त उपसलं की खारं वर चढतं. मी एका घरी मे महिन्यात 14 पाहुणे उतरलेले बघितलेत, दोन दिवस शॉवर धो धो चालू, तिसऱ्या दिवशी चहाच खारट लागला, आणि शेजारच्या आजी त्याच विहिरीचं पाणी पितात हो! म्हणून डिसेंबरची विहीर बघून खोल्या ठरवू नका. पागोळ्यांचं पाणी साठवा. 10,000 लिटरची टाकी असेल आणि माणशी 60 लिटर धरलं तर 4 पाहुण्यांना चाळीसेक दिवस पुरतं, तेपण बादलीने आंघोळ केली तर. गावाने बसून एकदाच आकडा ठरवायचा, एका रात्री अख्ख्या जुव्यावर किती पाहुणे, आणि तो फुल झाला की नाही म्हणायचं. संडासाचा खड्डा विहिरीपासून निदान 50 फूट लांब.

मग पैसे. याच्यावरूनच भांडणं होतात. बुकिंगचा फोन एकच ठेवा आणि घरांना पाळी लावा, म्हणजे तरीजवळचं, होडी लागते तिथलं पक्कं घर दर वेळी भरलंय आणि मागच्या वाडीतली ताई घावण्याचं पीठ भिजवून वाट बघतेय असं होणार नाही. राहणं एका घरी, जेवण दुसरीकडे, होडी तिसऱ्याची. प्रत्येक बुकिंगमागे थोडे पैसे गावाच्या खात्यात टाका, कचरा खाडीपलीकडे न्यायला तेच लागतात. प्लास्टिक जाळायचं नाही म्हणजे नाही, पाहुण्याने आणलेली बाटली पाहुण्यासोबत परत.

दाखवायचं काय? वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायकांनी 2017 मध्ये कांदळवन म्हणजे खारफुटीच्या जंगलाची सफारी सुरू केली, वल्ह्याच्या होडीतून, इंजिन नाही. एकदा जाऊन बघाच. तिवर, चिपी, कांदळ ही झाडं आपल्याला लहानपणापासून माहीत, फक्त समोरच्याला नीट सांगायची सवय करावी लागते. वेळ मात्र भरती बघून द्या. आपला जुना हिशोब आहे ना, तिथीची पाऊणपट, म्हणजे चतुर्थीला 3 च्या सुमारास पूर्ण भरती, खाडीत आत गेलात की आणखी थोडी उशिरा. ओहोटीला पाहुणे चिखलात अडकवू नका, त्या वेळी त्यांना तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचणाऱ्या बायका लांबूनच दाखवा, फोटो विचारून.

कागदपत्रं म्हणाल तर ग्रामपंचायतीचा ठराव, पर्यटन खात्याकडे निवास-न्याहरीची नोंदणी, होडीचा परवाना, आणि प्रत्येकाला लाइफ जॅकेट, पोहता येणाऱ्यालासुद्धा. कांदळ तोडून जेटी किंवा सेल्फी पॉइंट करायचा विचारही नको, गुन्हा तर आहेच पण बांधाची माती तीच मुळं धरून ठेवतात.

पहिल्या सीझनला दोनच घरं सुरू करा, आणि मे अखेर विहिरीचं पाणी चाखून मगच तिसऱ्या घराचं ठरवा.