एचआयव्ही संशोधनाची आकडेवारी: सॉफ्टवेअर उघडण्याआधीच होणाऱ्या या चुका टाळा

थिसिस जमा करायला तीन आठवडे उरले की फोन येतो, "मॅडम, डेटा तयार आहे, फक्त पी-व्हॅल्यू काढून द्या." पी-व्हॅल्यू म्हणजे निकाल योगायोगाचा आहे का हे जोखायला वापरतात तो आकडा. आणि डेटा म्हणजे एक एक्सेल फाइल. त्यात पिवळ्या रंगाचा अर्थ 'मृत्यू', हिरव्याचा 'बदली', आणि हे फक्त फाइल भरणाऱ्याला ठाऊक. सॉफ्टवेअरला रंग वाचता येत नाहीत. आधुनिक संख्याशास्त्राचा पाया घालणारे रोनाल्ड फिशर 1938 साली कोलकात्यात, पहिल्या भारतीय संख्याशास्त्र परिषदेत म्हणाले होते की प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणं म्हणजे बहुतेकदा त्याला शवविच्छेदन करायला सांगणं. गोव्यात माझ्याकडे येणाऱ्या दहा फाइलींपैकी निम्म्या तरी त्याच टेबलावर येतात. त्यांतली नेहमीची दुखणी आणि त्यांवरचे उपाय इथे देते.

उपचार तपासणीच्या आधी सुरू झालेले दिसतात

हे लक्षण दिसलं की आधी तारखा बघा. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर 05/07/2023 ही पाच जुलैची नोंद सात मे होते. पण 13/07/2023 ला तेरावा महिना सापडत नाही, म्हणून ती नुसता मजकूर बनून राहते. म्हणजे महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांच्या तारखा गुपचूप उलटतात आणि बाकीच्या गळतात. मी स्वतः एकदा अशा फाइलीवर दोन दिवस घालवले, सरासरी विलंब उणे येईपर्यंत कळलंच नाही. तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशीच लिहा: 2023-07-05. नोंदणी क्रमांकाचा स्तंभ मजकूर म्हणून ठेवा, नाहीतर सुरुवातीची शून्यं उडतात.

एकच बाई दोनदा, एकाच नावाचे चार पुरुष मिळून एक

तपासणी एका केंद्रात, औषध दुसरीकडे आणि रजिस्टरं जोडायची नावावरून. इथेच घात होतो. रोमन लिपीत नाईक तीन तऱ्हांनी लिहितात. डिसोझामधला ॲपॉस्ट्रॉफी कुणी घालतं, कुणी गाळतं. मडगाव एका फाइलीत मराठी उच्चाराप्रमाणे असतं, दुसऱ्यात पोर्तुगीज वळणाचं. त्यात आपल्याकडे लग्नानंतर आडनावाबरोबर पहिलं नावही बदलायची पद्धत अजून सरलेली नाही, त्यामुळे एकच बाई माहेरच्या नावाने निदान झालेली आणि सासरच्या नावाने औषध घेणारी अशी दोन ओळींत दिसते. विश्लेषणात पहिली ओळ 'उपचार सुरूच केले नाहीत' म्हणून मोजली जाते.

जोडणी नोंदणी क्रमांकावरूनच करा. तो नसेल तर आडनावाचा उच्चार, जन्मवर्ष, लिंग आणि तालुका यांना गुण द्या आणि संशयास्पद जोड्या हाताने तपासा. हे काम केंद्रातच, नावं पुसण्याआधी उरकायचं. नावं गेल्यावर मला विचारलंत तर माझ्याकडे उत्तर नाही.

व्हायरल लोड '40 पेक्षा कमी' म्हणजे शून्य नव्हे

व्हायरल लोड म्हणजे रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये विषाणूच्या किती प्रती आहेत तो आकडा. यंत्राची मोजण्याची मर्यादा असते, कुठे 20 प्रती, कुठे 40. निकाल त्याखाली आला की डेटा भरणारा बिनदिक्कत 0 लिहितो. मग कुणीतरी आकड्यांचा लॉग, म्हणजे लॉगॅरिदम, घेतो. शून्याचा लॉग नसतो. स्टाटा आणि एसपीएसएस ही सॉफ्टवेअर त्या ओळी रिकाम्या करून पुढे जातात, आर हे सॉफ्टवेअर उणे अनंत दाखवतं. म्हणजे ज्यांचे उपचार उत्तम चालले आहेत तेच रुग्ण हिशेबातून बाद, आणि उरलेल्यांची सरासरी बघून वाटतं की औषध काम करत नाही.

दोन स्तंभ करा, एकात चिन्ह, दुसऱ्यात आकडा. 'आढळला नाही' ही नोंद वेगळी ठेवा. बहुतेक निकाल मर्यादेखाली असतील तर सरासरीच्या मागे लागू नका. 1000 प्रतींखाली किती जण आहेत ते प्रमाण सांगा. पण छेद कोणता? ज्यांची चाचणी झाली त्यांच्यापैकी, की उपचारावर असलेल्यांपैकी? चाचणीला येतो तो मुळातच औषधं नीट घेणारा असण्याची शक्यता जास्त. दोन्ही प्रमाणं छापा.

'लॉस्ट' या शब्दाखाली सगळं कोंबणं

माझ्या मते सगळ्यात महागडी चूक हीच. रुग्ण आला नाही म्हणून 'लॉस्ट', म्हणजे पाठपुराव्यातून सुटलेला, असं लिहिलं, त्यात मेलेला आला, दुसऱ्या केंद्रात गेलेला आला आणि गावी गेलेलाही आला. गोव्यात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. ट्रॉलरवरचे ओडिशा-झारखंडचे खलाशी त्या काळात घरी जातात. चवथीच्या आठवड्यात तर सगळेच पुढे ढकलतात. 28 दिवस न आलेला तो 'लॉस्ट' अशी व्याख्या घेतली तर जुलैत केंद्र ओस पडल्यासारखं दिसेल, 90 दिवसांची घेतली तर चित्र बदलेल. किती दिवस न आल्यावर 'लॉस्ट' म्हणायचं ही व्याख्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या लेखी आराखड्यात, आधीच लिहा, आणि परत आलेल्याला 'परत आला' म्हणून नोंदवा.

किती काळानंतर किती रुग्ण जिवंत आहेत ते दाखवणारा कापलान-मायर आलेख गृहीत धरतो की अर्ध्यावर नाहीसे झालेले लोक राहिलेल्यांसारखेच होते. इथे ते नसतात. जे येत नाहीत त्यांच्यात मृत्यू जास्त असू शकतात. शक्य असेल तर न आलेल्यांतले काही जण यादृच्छिक निवडून त्यांचा माग काढा आणि त्यांच्या उत्तरांना सगळ्या न आलेल्यांच्या वतीने वजन द्या. कष्टाचं आहे, पण याला सॉफ्टवेअरमध्ये पळवाट नाही.

याच जातीची आणखी एक फसगत. टीबी टाळण्यासाठी आयसोनियाझिडचा सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण करणारे जास्त जगले, असा निष्कर्ष निघतो. अहो, कोर्स पूर्ण करायला सहा महिने जगावंच लागतं! सगळ्यांचं घड्याळ सहाव्या महिन्यापासून लावा, किंवा औषध काळानुसार बदलणारा घटक म्हणून घ्या.

थोडक्यात उरकण्यासारखं एक: 120 रुग्णांचे 480 सीडी-4 (रोगप्रतिकारक पेशींच्या मोजणीचे) आकडे म्हणजे 480 माणसं नव्हेत. एकाच माणसाचे अनेक आकडे एकत्र धरणारं मिश्र प्रतिमान (मिक्स्ड मॉडेल) वापरा.

नाव पुसलं, माणूस दिसतोच

गोव्यात तालुके 12, 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास. समजा तक्त्यात 'धारबांदोडा, 43 वर्षं, बार्जवरचा खलाशी' अशी एक ओळ आहे. वाड्यावर कुणाला नाव सांगावं लागेल? वयाचे गट करा, तालुक्याऐवजी जिल्हा घ्या, पाचपेक्षा लहान आकडा तक्त्यात छापू नका. आद्याक्षरं आणि जन्मतारीख जोडून केलेला 'कोड' हा कोड नसतो.

1989 साली डॉमिनिक डिसोझा या तरुणाला एचआयव्ही आहे एवढ्यावरून याच राज्यात, सार्वजनिक आरोग्य कायद्याच्या आधारे, 64 दिवस डांबून ठेवलं होतं. आता 2017 चा एचआयव्ही आणि एड्स कायदा आहे, 10 सप्टेंबर 2018 पासून लागू; रुग्णांची माहिती बाळगणाऱ्या संस्थेने ती सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था करणं त्यात बंधनकारक आहे. तरीही मला लाइन लिस्ट, म्हणजे रुग्णागणिक एक ओळ असलेली यादी, व्हॉट्सॲपवर येते, फोन नंबरांसकट. मी ती न उघडता डिलीट करते आणि पाठवणाऱ्याला सांगते, तुमच्या फोनमधून आणि ज्या ग्रुपवर टाकलीत तिथूनही काढा.