जंगली प्राणी काढायचेत? आधी पाय बघा, पट्टे-ठिपके सगळ्यात शेवटी

परवा भाच्याने वाघ काढून दाखवला. पट्टे झकास, केशरी रंगही मस्त भरलेला, पण वाघ उभा होता टेबलासारखा, चार सरळ दांडे आणि वर पोट. बहुतेकांचं इथेच अडतं, आपण कातडीपासून सुरुवात करतो आणि आतल्या हाडांकडे बघतच नाही. म्हणून मी मुलांना ज्या क्रमाने शिकवते तोच इथे लिहितेय, एलिमेंटरी-इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना स्मरणचित्र काढणाऱ्या पोरांनाही उपयोग होईल.

सामान फार लागत नाही. एचबी आणि 4बी पेन्सिल, खोडरबर, कार्ट्रिज पेपर, बास. एचबीने अगदी हलक्या हाताने तीन अंडाकृती काढा, डोकं, छाती आणि कंबर, मग त्यांना जोडणारी पाठीच्या कण्याची एक रेघ. ही रेघ सरळ पट्टीने मारल्यासारखी नको, मांजर चालताना पाठ कशी हलते ते आठवा.

आता पाय, आणि इथे घाई करू नका. कुत्र्याच्या मागच्या पायात जो उलटा गुडघा दिसतो ना, तो गुडघा नाहीच, ती टाच आहे! खरा गुडघा वर पोटाजवळ असतो आणि आपल्यासारखाच पुढे वाकतो. पटत नसेल तर आत्ता उठून चवड्यांवर उभे राहा, टाच वर उचललेली, गुडघा किंचित वाकवलेला, हाच वाघाचा, बिबट्याचा, लांडग्याचा मागचा पाय. झेब्रा त्याच्याही पुढे जातो, तो प्रत्येक पायाच्या एकाच बोटाच्या टोकावर उभा असतो आणि त्याचा खूर म्हणजे त्या बोटाचं नख. अस्वल मात्र मागचा अख्खा तळवा जमिनीला टेकवतं, म्हणून त्याचा पाय आपल्यासारखा काढायचा. हत्तीची टाच जमिनीच्या बरीच जवळ असते आणि गुडघा खाली स्पष्ट दिसतो, त्यामुळे हत्तीला कुत्र्याचे मागचे पाय लावले की चित्र लगेच खोटं वाटतं.

हत्तीचा विषय निघालाच आहे तर आधी ठरवा, आपला की आफ्रिकेतला. कान सगळ्यांना माहीत आहेत, आफ्रिकेतल्याचे मोठे, खांदा झाकणारे, आपल्याचे लहान. पण खरा फरक बाह्यरेषेत आहे. आपल्या हत्तीच्या कपाळावर दोन उंचवटे असतात, डोकं उंच आणि पाठ कमानीसारखी वर आलेली, आफ्रिकेतल्याची पाठ मध्ये खोलगट आणि खांदा उंच. सोंडेच्या टोकाला आपल्याकडे एकच बोट, तिकडे दोन. आणि आपल्या हत्तिणीला लांब सुळे काढू नका, आफ्रिकेत माद्यांनाही असतात.

जिराफाची मान लोक बागेतल्या पाइपसारखी वळवतात. त्या मानेत मणके फक्त 7, आपल्याइतकेच, फक्त एकेक भला लांब. म्हणून मान काढताना छोट्या सरळ तुकड्यांनी हळूहळू वळवत न्या, मऊ वेटोळं नको. आणि गंमत म्हणजे एवढी मान असूनही ती जमिनीपर्यंत पोचत नाही, पाणी प्यायला त्याला पुढचे पाय फाकवावे लागतात. ही पोझ एकदा तरी काढून बघा, मला स्वतःला सगळ्यात आवडते. चालतानाचा जिराफ काढत असाल तर एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकत्र पुढे जातात, हे लक्षात ठेवा.

आता ठिपके. जुन्नरच्या उसात दिसतो तो बिबट्या, त्याला चित्ता म्हणणं सोडा. चित्त्याचे ठिपके भरीव आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ उतरते, ती एक रेघ ओढली की चित्ता झालाच. छाती खोल, कंबर बारीक, डोकं लहान. बिबट्याच्या पाठीवर पोकळ फुलासारखी नक्षी असते, डोक्यावर आणि पायांवर मात्र भरीव ठिपके. दक्षिण अमेरिकेतल्या जॅग्वारला तशीच पण मोठी फुलं, आणि काहींच्या आत बारीक टिंब, शिवाय डोकं थोराड, अंग आखूड आणि भरलेलं. ठिपके अंगाच्या गोलाईप्रमाणे कडेला दबत जायला हवेत, नाहीतर छापील चादर पांघरल्यासारखं दिसतं.

गेंडा काढताना मला दरवेळी जर्मन चित्रकार ड्यूररचं 1515 सालचं चित्र आठवतं. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना दिलेला एक गेंडा गोव्याहून जहाजाने लिस्बनला गेला, ड्यूररने तो डोळ्यांनी पाहिलाच नाही, दुसऱ्याचं वर्णन आणि स्केच यावरून लाकडात कोरलेलं चित्र तयार केलं. कातडीच्या घड्या चिलखताच्या पत्र्यांसारख्या, आणि खांद्यावर एक जास्तीचं छोटं शिंग! युरोपात लोक कितीतरी वर्षं तोच खरा गेंडा समजत होते. चित्र म्हणून अप्रतिम आहे, पण तुमच्याकडे आज फोटो-व्हिडिओ आहेत, निदान तीन वेगवेगळ्या बाजूंनी बघा मगच पेन्सिल उचला. आपल्या गेंड्याला शिंग एक आणि घड्या खोल, आफ्रिकेतल्यांना शिंगं दोन आणि अशा खोल घड्या नाहीत.

डोळा शेवटी, 4बीने. घरची मांजर समोर बसवून वाघाचा सराव जरूर करा, अंगाची ठेवण बरीच जुळते, पण बाहुली बदला, उजेडात मांजरीची बाहुली उभ्या फटीसारखी होते, वाघ-सिंहाची गोलच राहते. हरणाची आडवी असते. आणि बाहुलीच्या कडेला कागदाचा एक बारीक पांढरा ठिपका कोरा सोडा, तिथे पेन्सिल अजिबात लावायची नाही.